नात बोलकी आहे, घाई कशाला?

आमची अडीच वर्षांची नात पूर्ण वाक्यांत बोलते; गोष्टीत आमचा शब्द चुकला तर टोकते. ‘मग आता लिहायला बसवा,’ असा सल्ला मंडळात हमखास मिळतो. पण जीभ चालते म्हणून पेन्सिल धरणारी बोटेही तयार असतात, असे नाही.

इथे गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण लागतात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही आठव्या वर्षापर्यंत खेळातून शिकण्यावर भर देते. म्हणजे मुलांना सवड मिळाली. ती आपणच शिकवणीत घालवतो आहोत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांचा वारसा आपण विसरलो की काय?

मुदत ठेव आधी मोडली की व्याज घटते, हे आम्ही बँकेत आयुष्यभर सांगितले. नातीला तूर्त गोष्टी, गाणी आणि घरात भरपूर मराठी. अक्षरे तिने मागितली की देऊ.