दिव्यासमोरचा अंधार

रात्रीच्या प्रवासात हेडलाईट कमी पडतो, ही तक्रार खोटी नाही. आजही रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांमध्ये 60/55 वॉटचा एच-4 हॅलोजन बल्ब असतो आणि त्याचा डिपर साधारण 1000 ल्युमेन प्रकाश देतो. त्यातही गाडी सात-आठ वर्षांची झाली की दिव्याची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळट, धुरकट होते आणि बराचसा प्रकाश तिथेच अडतो. मग पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी होते, नाहीतर प्रोजेक्टरची जोडी ऑनलाइन मागवली जाते. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हीट गन, स्क्रू ड्रायव्हर आणि मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन काम सुरू होते. संध्याकाळी समोरची भिंत लख्ख उजळते आणि सगळे खूश होतात.

या खुशीत समोरून येणारा माणूस धरलेला नसतो. दिवा एकाचा आणि त्याची किंमत मोजणारे डोळे दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे. म्हणून घरगुती हेडलाईट बदल हा फक्त गाडीच्या हौसेचा विषय राहत नाही, तो आरोग्याचाही होतो.

डोळे दिपतात तेव्हा आत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. दिव्याचा प्रकाश बाहुलीतून आत शिरला की तो सगळाच दृष्टिपटलावर एका ठिकाणी पडत नाही. डोळ्यातले भिंग ही काही निर्दोष काच नव्हे. थोडा प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि संपूर्ण चित्रावर पातळ धुक्यासारखा पडदा पसरतो. ठळक, उजळ वस्तू त्यातूनही दिसतात. पुसल्या जातात त्या फिकट वस्तू : काळ्या कपड्यांतला पादचारी, मागे दिवा नसलेली सायकल, गळिताच्या हंगामात रस्त्याच्या कडेला उभी असलेली उसाची ट्रॉली. दिवा नजरेच्या रेषेला जितका जवळ, तितका हा पडदा दाट होतो. कोन निम्मा झाला की पडदा साधारण चौपट होतो. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर समोरचा दिवा नजरेपासून जेमतेम दोन-चार अंशांवर असतो, त्यामुळे त्रास तिथे सर्वाधिक.

वयाप्रमाणे हे बिघडतच जाते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होते. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर विखुरणे आणखी वाढते. दिवसा वाचनाला काही अडचण नाही, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही, पण रात्री गाडी चालवणे नकोसे वाटते, असे सांगणाऱ्या ज्येष्ठांचा ‘रस्त्यावर हल्ली फार लाईट मारतात’ हा वैताग निव्वळ कुरकुर नसतो. (अशा वेळी दिव्यांना दोष देऊन थांबू नये, नेत्रतज्ज्ञाकडेही जाऊन यावे.) दिपलेला डोळा लगेच सावरतही नाही. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. सावरायला तीन सेकंद लागले, तर 66 मीटर रस्ता अंदाजानेच कापला जातो.

आता बदल करणाऱ्यांकडे वळू. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. जुन्या हॅलोजनच्या घरात नुसता एलईडी किंवा एचआयडी बल्ब खोचणे हा एक प्रकार, आणि दिवा उघडून आत प्रोजेक्टर बसवणे हा दुसरा. पहिला प्रकार स्वस्त, दहा मिनिटांचा आणि सर्वांत वाईट. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा फिलामेंट नेमके कुठे आहे हे धरून घडवलेला असतो. एच-4 बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणूनच डिपरचा झोत रस्त्यावर झुकलेला राहतो. प्रकाश देणारा भाग काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकला किंवा त्याचा आकार बदलला, की हे सगळे गणित कोसळते आणि प्रकाश वर, बाजूला, झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीत 2020 पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली आहे, पण ठरावीक बल्ब आणि ठरावीक मॉडेलचा दिवा अशी जोडी तपासूनच. ‘कोणत्याही गाडीला बसतो’ असे खोक्यावर छापलेल्या बल्बची अशी कोणतीही तपासणी झालेली नसते.

प्रोजेक्टरची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याला सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्यात लंबवर्तुळाकार आरसा प्रकाश एका जागी गोळा करतो, तिथे असलेली धातूची पातळ पट्टी नको तेवढा प्रकाश कापते आणि पुढचे भिंग त्या कडेची प्रतिमा रस्त्यावर टाकते. त्यामुळे खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. ही रेघ जागेवर असेल तर समोरच्याला जुन्या हॅलोजनपेक्षाही कमी त्रास होतो. ती जागेवर असेल तरच, हे मात्र विसरता येत नाही.

पहिली चूक खरेदीतच होते. डिपरची रेघ सरळ नसते, ती एका बाजूला वर चढते, म्हणजे रस्त्याची कड आणि पाट्या दिसाव्यात. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून ती डावीकडे चढायला हवी. अमेरिका किंवा युरोपातल्या बहुतेक देशांसाठी बनलेल्या प्रोजेक्टरमध्ये ती उजवीकडे चढते. म्हणजे इथे थेट समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर. स्वस्तात मिळालेली जोडी कोणत्या बाजूची आहे, हे विचारण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. आतला प्रोजेक्टर फिरवून हा दोष जात नाही.

दुसरी चूक शेवटी होते, कारण तोवर माणूस दमलेला असतो. दिवा बसला, पेटला, झाले! झोत लावायचे काम राहूनच जाते. साध्या मोटारीत सपाट जमिनीवर 10 मीटर अंतरावरच्या भिंतीवर डिपरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे 1 टक्का उतार. हा उतार किती नाजूक आहे ते पाहा. मागे तिघे बसले, डिकी भरली आणि गाडीचा मागचा भाग 5 सेंटिमीटर दबला, तर अडीच मीटर लांबीच्या चाकांतरावर झोत 2 टक्के वर उचलला जातो. 1 टक्का खाली असलेली रेघ 1 टक्का वर जाते आणि 50 मीटरवर दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर, म्हणजे बरोबर समोरच्या मोटारचालकाच्या डोळ्यांपाशी पोहोचते. अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांची एक छोटी चकती असते. ती याचसाठी असते. कित्येक मालकांनी ती एकदाही फिरवलेली नसते.

दिवा उघडताना सील मऊ करायला उष्णता द्यावी लागते आणि पुन्हा चिकटवताना कुठेतरी फट राहते. पहिल्याच पावसाळ्यात आत वाफ धरते. मग भिंगावर जमलेले थेंब त्या सुरेख रेघेचा पुन्हा धूसर गोळा करून टाकतात. एचआयडीच्या जोडणीत तर दिवा पेटताना 20 हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. तिथे घरच्या घरी हात घालू नयेच.

आणि जास्त प्रकाश म्हणजे जास्त दूरचे दिसणे, हाही एक भ्रमच. गाडीच्या नाकासमोरचे दहा-पंधरा मीटर फार उजळले की डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. चालकाला वाटते, काय झकास दिसते आहे! निळसर पांढरा, 6000 केल्विनच्या पुढचा प्रकाश तर समोरच्याला तेवढ्याच तीव्रतेच्या पिवळसर प्रकाशापेक्षा अधिक बोचतो.

कायदा याबाबत मुका नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 106 सांगतो की दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार, परवानगी नसलेले भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. प्रत्यक्षात नाक्यावर हेल्मेट आणि कागदपत्रे पाहिली जातात, दिव्याचा झोत कुणी पाहत नाही. एकेकाळी हेडलाईटच्या वरच्या भागावर काळा रंग फासायची सक्ती असे. उपाय ओबडधोबड होता, पण समोरच्याचे डोळे कुणाच्या तरी ध्यानात होते.

ज्यांना खरोखर कमी दिसते त्यांनी आधी स्वस्त उपाय करून पाहावेत. धुरकट काच पॉलिश करून घ्यावी, समोरची काच आतूनही पुसावी, बल्बपर्यंत पूरा व्होल्टेज पोहोचतो का हे वायरमनकडून तपासावे, आणि त्याच वॉटचा चांगला हॅलोजन घालावा. एवढे करूनही भागले नाही, तर प्रोजेक्टरचा विचार व्हावा, पण मान्यतेच्या चौकटीत, डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनलेला आणि भिंतीवर मोजून लावलेला.

खासगी मोटारीची फिटनेस तपासणी पहिली 15 वर्षे होत नाही, पण पीयूसीसाठी तिला ठरावीक काळाने केंद्रावर जावेच लागते. धुराची नळी लावलेली असतानाच झोत तपासायला काय हरकत आहे? त्यासाठी सपाट जमीन, आखलेली भिंत आणि अंधारा आडोसा पुरेल.