मैदान एक, कामे दहा

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आइस हॉकीचा 'रेंजर्स' हा संघ खेळतो आणि बास्केटबॉलचा 'निक्स'ही तिथेच खेळतो. दोघांचा हंगाम एकच, हिवाळ्याचा. आज बर्फ, उद्या लाकडी कोर्ट, परवा एखाद्या गायकाची मैफल असा तिथला क्रम असतो. दर वेळी बर्फ वितळवायचा आणि पुन्हा गोठवायचा म्हटले तर दिवसच्या दिवस मोडतील. म्हणून बर्फ हलवतच नाहीत. काँक्रीटच्या पोटात बसवलेल्या नळ्यांतून अतिथंड द्रव फिरत असतो, त्यावर तीन-चार सेंटीमीटर जाडीचा बर्फ हंगामभर तसाच राहतो. बास्केटबॉलच्या दिवशी त्याच्यावर उष्णतारोधक पॅनेल एकमेकांत अडकवून पसरतात आणि वर कोर्ट मांडतात. खाली उणे चार-पाच अंश तापमान, वर हजारो प्रेक्षकांची ऊब, आणि दोहोंमध्ये चार बोटांचे आच्छादन. काही तासांत सगळा पट बदलतो. खुर्च्यांत बसलेल्यांना पायाखाली बर्फ आहे याची जाणीवही नसते.

बर्फाशी सोलापूरचा संबंध उसाच्या रसाच्या गाड्यापुरता, हे कबूल. मेमध्ये पारा 43-44 अंशांवर चढणाऱ्या या शहरात आइस रिंक काढा असे सुचवायचे नाही. सांगायचे आहे ते त्या आच्छादनाबद्दल. एकाच जागेवर अनेकांचा हक्क असतो तेव्हा जागा वाटून घेण्यापेक्षा वेळ वाटून घेणे स्वस्त पडते, आणि वेळ वाटून घ्यायचा तर एकाच्या वापराने दुसऱ्याची जमीन खराब होऊ नये याची सोय करावी लागते. सोलापूरने ही सोय कधी गांभीर्याने केलेली नाही. होम मैदान आणि पार्क स्टेडियम या दोन जागांवरून दरवर्षी निघणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी हीच उणीव आहे, असे माझे मत आहे.

आधी पार्क स्टेडियम, म्हणजे कागदोपत्री इंदिरा गांधी स्टेडियम. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधानांची सभा इथे झाली. जानेवारी 2024 मध्ये याच मैदानावर महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला, तेव्हा शहराला किती आनंद झाला हे सगळ्यांनी पाहिले. सभेला व्यासपीठ लागते, मंडपाचे खांब लागतात, खुर्च्या आणि ध्वनियंत्रणा वाहणारे ट्रक लागतात. क्रिकेटला नेमके याच्या उलट लागते. आउटफिल्ड सपाट हवे, माती दबलेली नको, खिळे आणि तारांचे तुकडे तर अजिबात नकोत. होम मैदानाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदीध्वज, 68 लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, मग होमविधी आणि शोभेचे दारूकाम. त्याच मैदानावर गड्डा भरतो: पाळणे, मृत्यूगोल, खेळण्यांची आणि खाण्याची दुकाने. यात्रेचे धार्मिक दिवस पाच, पण गड्डा त्याच्या कितीतरी पुढे चालतो. एरवी सकाळी इथे लोक फिरायला येतात, मुले खेळतात, आणि निवडणूक आली की सभाही होतात. 29 एप्रिल 2024 ची पंतप्रधानांची सभा याच होम मैदानावर झाली. स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत जानेवारी 2016 मध्ये सोलापूर नववे आले, आणि त्या योजनेतला पैसा या दोन्ही जागांवर खर्च झाला. भिंती, पदपथ, दिवे, हिरवळ सगळे आले. या जागा दहा कामांसाठी वापरल्या जातात, हे गृहीत धरून जमिनीसाठी मात्र काही आले नाही.

मैदान नेमके कशाने बिघडते हे नीट पाहिले पाहिजे. पायांनी ते फारसे बिघडत नाही. माणसाचा पाय येतो आणि उचलला जातो. बिघडते ते चाकांनी, खांबांनी आणि पाण्याने. सोलापूरची माती काळी, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. गड्ड्यात धूळ उडते म्हणून टँकरने पाणी मारतात. त्या ओल्या मातीवरून पाळण्याचे लोखंड घेतलेला ट्रक गेला की चाकाएवढी चाकोरी उठते, आणि दुपारच्या उन्हात ती विटेसारखी कडक होते. दुसऱ्या दिवशी तिच्या कडा पायांखाली कुटून त्यांचा भुगा होतो आणि तोच भुगा संध्याकाळी धूळ म्हणून भज्यांच्या कढईवर उतरतो. परत टँकर, परत चाकोरी. मंडपवाले अंथरतात ते हिरवे कापड किंवा सतरंजी यावर काही करू शकत नाही, कारण कापड वजन पसरवत नाही. चाकाचा भार जिथे पडतो तिथेच खाली जातो. एकमेकांत अडकलेल्या पॅनेलचे काम उलट असते. एका पॅनेलवर चाक आले की त्याच्या कडेच्या खाचा शेजारच्या चार पॅनेलांना ओढून घेतात, आणि वीतभर जागेवर पडणारा भार काही चौरस मीटरवर वाटला जातो. बर्फावरच्या पॅनेलला थंडी अडवायची असते, मातीवरच्याला ती अडवायची नसते, पण भार वाटण्याचे तंत्र दोन्हीकडे एकच.

यात्रेतली धूळ आणि आपत्कालीन रस्ता हे विषय सोलापूरला नवे नाहीत. 2015-16 मध्ये यावरूनच जिल्हा प्रशासन आणि देवस्थान पंच कमिटी यांच्यात मोठी ओढाताण झाली, आणि प्रश्न श्रद्धा विरुद्ध नियम असा रंगवला गेला. तो तसा नव्हताच. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाचा बंब गर्दीतून जाऊ शकेल अशी पक्की वाट असावी, एवढेच मागणे होते. आणि ती वाट जमिनीवर कायमची बांधता येत नाही, कारण वर्षाचे उरलेले दहा-अकरा महिने तिथे मैदान हवे असते. तात्पुरती, उचलता येणारी वाट हेच त्याचे उत्तर होते आणि आजही आहे. हिशेब अगदी साधा. सहा मीटर रुंद आणि तीनशे मीटर लांब वाट म्हणजे 1,800 चौरस मीटर. एका फुटबॉल मैदानाचे क्षेत्रफळ 7,000 चौरस मीटरच्या पुढे जाते. म्हणजे सगळे मैदान झाकायची गरजच नाही. चाके जिथून फिरतात तेवढे झाकले तरी निम्म्याहून जास्त नुकसान टळेल.

मुंबईत याचे साधे रूप आधीपासून आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांसाठी शिवाजी पार्कवर पालिका ज्या सोयी करते त्यांत धूळ उडू नये म्हणून पायवाटांवर आच्छादन घालणे हे एक ठरलेले काम आहे. याच शिवाजी पार्कवर 28 नोव्हेंबर 2019 रोजी मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, आणि तिथली क्रिकेटची जाळी काही कायमची उठली नाही. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मे 2017 मध्ये जस्टिन बीबरचा कार्यक्रम झाला आणि ऑक्टोबरात 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. जानेवारी 2025 मध्ये तिथे कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या, आणि त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून तिथेच विश्वचषक उचलला. खाजगी मालकाला हे जमते कारण हिरवळ गेली तर नुकसान त्याच्या खिशाला असते. सार्वजनिक मैदानाचे नुकसान कोणाच्याच खात्यात पडत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये ऑक्टोबर 2024 मध्ये दिलजीत दोसांझच्या दोन रात्री झाल्यावर धावपट्टीवर कचरा आणि फुटक्या बाटल्या पडलेल्या देशाने पाहिल्या, आणि तिथे सराव करणाऱ्या खेळाडूंना उघड तक्रार करावी लागली. त्याच आठवड्यात तिथे इंडियन सुपर लीगचा सामना होता.

यावर पहिला आक्षेप असा की एवढी उठाठेव कशाला, खेळाला वेगळे मैदान द्या आणि सभा-यात्रांना वेगळे. ऐकायला बरे वाटते. पण एकाच कामासाठी बांधलेल्या वास्तूचे काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात, तेही बर्फाचेच आहे. डेहराडूनची 'हिमाद्री' ही आइस रिंक जानेवारी 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभी राहिली. स्पर्धा संपल्या, वीज आणि देखभालीचा खर्च उभा राहिला, आणि ती वर्षानुवर्षे बंद पडून होती. पुन्हा सुरू व्हायला 2025 उजाडले. रोज वापर नसलेली जागा टिकत नाही. शिवाय होम मैदानाला पर्याय नाही. होमविधी तिथेच होणार, आणि तो दुसरीकडे हलवा असे म्हणणाऱ्याला सोलापूर ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो टाळता कामा नये. आपल्या उन्हात असे पॅनेल चालतील का? मॅडिसन स्क्वेअर गार्डन बंदिस्त, थंड सभागृह आहे. होम मैदान उघडे. प्लास्टिक उन्हाने पसरते. 50 मीटरची सलग पट्टी पहाट आणि दुपार यांच्यात दहा-पंधरा सेंटीमीटरने वाढू शकते, आणि मोकळीक ठेवली नाही तर मधेच फुगा येऊन लोक अडखळून पडतील. खालची हिरवळही उष्णतेने आणि अंधाराने मरते. अपारदर्शक पॅनेल असतील तर दोन-तीन दिवसांत गवत पिवळे पडू लागते. भोके असलेले, उजेड झिरपू देणारे असले तर थोडे जास्त दिवस निभावते, इतकेच. आच्छादन विकणारे हे मोठ्याने सांगत नाहीत, म्हणून विकत घेणाऱ्याने ते आधी ठाऊक करून घ्यावे. यातून माझ्या मते दोन निष्कर्ष निघतात. पार्क स्टेडियमवर आच्छादन तीन दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि मधला खेळपट्ट्यांचा चौकोन तर कोणत्याही कार्यक्रमात, कितीही मोठा पाहुणा आला तरी, दोरी बांधून मोकळाच ठेवावा. होम मैदानावर गड्डा कित्येक आठवडे चालणार असेल तर तिथे मखमली हिरवळीचा हट्टच सोडावा. चालण्याच्या कडा हिरव्या ठेवा, मधले मैदान मातीचेच राहू द्या, आणि त्या मातीवर फक्त वाटा अंथरा.

तिसरी अडचण आगीची. होमाच्या जागेजवळ, दारूकामाच्या पट्ट्यात, गॅसच्या शेगड्या पेटवणाऱ्या खाद्यपदार्थांच्या रांगेत प्लास्टिक नकोच. तिथे उघडी मातीच बरी. बंबाच्या वाटेसाठी तर पायी चालण्याची हलकी पॅनेल उपयोगी पडणार नाहीत. भरलेल्या बंबाचे वजन दहा टनांच्या पुढे जाते, त्याला जाड, जड वाहनांसाठीचीच हवीत. निविदा काढताना हा फरक विसरला तर कमी दराची हलकी पॅनेल येतील, पहिल्याच यात्रेत चिरडली जातील, आणि मग 'ही कल्पनाच चुकीची' असा शेरा फाइलवर पडेल. आपल्याकडे चांगल्या कल्पना बऱ्याचदा अशाच मेल्या आहेत.

खर्चाचे काय, आणि वस्तू आणली की गोदामात सडेल त्याचे काय? ही शंका घेणारा माणूस सोलापूर महापालिकेला ओळखतो, म्हणून त्याला हसून चालणार नाही. पण अग्निशमनाची शिडी रोज वापरली जात नाही म्हणून कोणी ती विकत घेऊ नका असे म्हणत नाही. ही पॅनेल यात्रेला, सभांना, पुस्तक प्रदर्शनांना, पावसाळ्यात चिखल झालेल्या मदत छावण्यांना, पंढरपूरच्या वारीतल्या मुक्कामाच्या तळांनाही कामी येतील. महापालिका आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून एक संच घ्यावा, आणि मैदान भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक आयोजकाकडून त्याचे भाडे आणि अनामत घ्यावी. राजकीय पक्षांकडूनही, सवलत न देता. पैशाची वाटही आहे. सोलापूर हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, म्हणजे हवा ठरलेल्या मानकांपेक्षा जास्त खराब असलेल्या शहरांपैकी एक आहे. हा कार्यक्रम 2019 पासून चालू आहे आणि त्याचा बराचसा भर धुळीवरच आहे. लाखोंच्या गर्दीच्या मैदानावरची धूळ कमी करणे या निधीच्या उद्देशात बसत नसेल तर मग काय बसेल?

पंच कमिटीने यात पुढाकार घ्यावा, असे मला वाटते. यात्रेची व्यवस्था तिच्या हातात आहे, पाळणेवाल्यांना आणि दुकानदारांना जागा कोणत्या अटींवर द्यायची हेही यात्रेच्या नियोजनातच ठरते. 'चाके फक्त अंथरलेल्या वाटेवरूनच' ही एक ओळ त्या अटींत घातली तर पॅनेल येण्याआधीच निम्मे काम होईल. महापालिकेने आपल्या मैदान-भाड्याच्या अर्जात तीच ओळ छापावी आणि अनामत परत करण्याआधी जमिनीचे छायाचित्र मागावे. पुढच्या यात्रेच्या बैठका पावसाळा सरताच सुरू होतात. हा विषय त्यातल्या पहिल्या बैठकीच्या पत्रिकेवर यायला हवा.