दोन कपाटं आणि एक पिंजरा



रविवारची पुरवणी उघडा. पुस्तकांचं पान काढा. बाईच्या कथा-कादंबरीसाठी तिथं दोन कपाटं आहेत. एकावर चिठ्ठी 'वाङ्मयीन'. तिथं समीक्षक चपला बाहेर काढून शिरतात, दबक्या आवाजात बोलतात. दुसऱ्यावर चिठ्ठी 'कौटुंबिक, लोकप्रिय, दुपारचं वाचन'. तिथं चार ओळी, मुखपृष्ठाचा फोटो, किंमत, खलास. मी विचारते, ही वाटणी केली कुणी?

पुरावा आपल्या कोल्हापूरचाच घ्या. वि. स. खांडेकर या गावात राहिले. त्यांची 'ययाति' घरोघर गेली. १९६० साली अकादमी, १९७४ साली ज्ञानपीठ. कोवाडच्या रणजित देसायांची 'स्वामी' १९६२ ची, १९६४ साली तिलाही अकादमी. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची, आवृत्त्यांवर आवृत्त्या. या खपणाऱ्या बाप्यांवर टीका झाली नाही असं मी म्हणत नाही. झाली, पण पानभर झाली. टीकेलाही जागा लागते, ती त्यांना मिळाली.

आता सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर ही नावं घ्या. वाचनालयात यांच्या प्रती हाताळून हाताळून मऊ पडल्या. यांच्यावर शिव्या देण्यापुरतं तरी पान कुणी खर्च केलं? बाप्या खपला तर 'लोकप्रिय साहित्यिक', बाई खपली तर 'बायकांची लेखिका'. आणि जी दुसऱ्या कपाटात बसली तिला तरी काय मिळालं? अकादमीचे पुरस्कार १९५५ साली सुरू झाले. मराठी बाईच्या कादंबरीपर्यंत पोचायला २००६ साल उजाडलं. आशा बगे यांची 'भूमी'. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा गदारोळ कशाचा? या नावामागं कोण दडलंय याचा! पुस्तक राहिलं बाजूला, बुरखा फेडायची घाई.

पण मी या दोन कपाटांची वकिली करायला बसलेली नाही. दोन्ही कपाटं एकाच वाड्यात आहेत. शिरूरकरांच्या 'बळी'सारखा (१९५०) अपवाद सोडा. एरवी त्या वाड्यात आमची बाई भांडी घासायला येते आणि मागल्या दारानं जाते. तिला नाव नसतं, असलं तर आडनाव नसतं.

आमची बाई स्वतः लिहायला लागली तेव्हा काय झालं? कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून आलं. ध्यानात घ्या, ज्याला विद्वान 'बायकांचं मासिक' म्हणून नाक मुरडायचे त्याच दारातून आलं! शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ ची. यांच्यासाठी पुरवणीवाल्यांनी तिसरं कपाट केलं नाही. साक्षीदाराचा पिंजरा केला. बाई, उभी राहा. काय काय सोसलंस ते सांग. खरं सांग. आम्ही हळहळतो.

सोसलंस काय ते विचारतात. रचलंस काय ते कोण विचारतं? उर्मिला पवार यांचे 'सहावं बोट' (१९८८) आणि 'चौथी भिंत' (१९९०) हे कथासंग्रह 'आयदान'च्या (२००३) कितीतरी आधीचे. तरी बोलणं निघतं ते 'आयदान'चं. कथा म्हणजे कल्पना, आणि कल्पना ही वाड्यातली मिरास! आमच्या वस्तीतल्या एका पोरीनं प्रेमकथा पाठवली. संपादकानं परत धाडली, वर चिठ्ठी, 'तुमचे अनुभव लिहा.' पोरगी म्हणाली, "मग पिरेम ह्यो आमचा अनुभव न्हवं व्हय?"

हाच सवाल आहे. वाङ्मयीन बाईला कल्पना करायची मुभा, लोकप्रिय बाईला स्वप्न विकायची मुभा, आणि दलित बाईला फक्त जखम दाखवायची सक्ती. आपले पुढारीसुद्धा बाईच्या दुःखाला सभेत टाळी देतात आणि तिच्या कथेला कोपऱ्यात हसतात. त्यांनाही हे ऐकू दे.

शाहू महाराजांनी १९०२ साली हुकूम काढून मागासलेल्यांना निम्म्या जागा दिल्या. या पुरवण्या आमच्या बाईला निम्मा रकानाही देत नाहीत. दया नको. तिची कथा कथा म्हणून तपासा. भाषा बघा, बांधणी बघा, फसली असेल तर फसली म्हणा, पण पान खर्चून म्हणा. नाही म्हणणार? मग हे पान आमचं आहे. पोरींनो, प्रेमकथा पाठवा, भुताच्या पाठवा, खुनाच्या पाठवा. खरं किती आणि खोटं किती, ते इथं कुणी विचारणार नाही.

जय भीम!