विश्लेषण : मेंदूतील कर्करोगाच्या औषधाला ध्वनिलहरींची साथ?

‘हर-टू पॉझिटिव्ह’ प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगावर ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून वापरात आहे. मात्र हाच आजार मेंदूत पसरला की ते बऱ्याचदा तोकडे पडते, कारण रक्तातून मेंदूत शिरण्याची वाटच त्याला मिळत नाही. ही वाट थोड्या वेळापुरती उघडण्याचे प्रयोग सुरू आहेत.

अडथळा कोणता?

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. विषारी घटक आणि जंतू रोखण्यासाठी हा निसर्गाचा बंदोबस्त. पण तो बहुतेक औषधांनाही अडवतो. ट्रास्टुझुमॅबसारख्या मोठ्या रेणूंना तर अधिकच.

लहरी काय करतात?

रुग्णाला शिरेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे दिले जातात. हे बुडबुडे नवे नाहीत. हृदयाच्या ‘इको’ तपासणीत चित्र स्पष्ट दिसावे म्हणूनही ते वापरतात. मग एमआरआय यंत्रात, डोक्यावरील शिरस्त्राणातल्या हजारभर स्रोतांतून निघालेल्या सोनोग्राफीसारख्या लहरी गाठीच्या जागी एकवटतात. तेथील बुडबुडे फुगतात, आकसतात आणि पेशींमधले सांधे सैल होतात. कवटी उघडावी लागत नाही. गाठ जाळण्याइतकी ऊर्जाही येथे वापरत नाहीत; मारण्याचे काम औषधाचेच.

हाती काय लागले?

कॅनडात टोरंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात २०१५ मध्ये मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर हा प्रयोग प्रथम झाला. तेथेच ट्रास्टुझुमॅब देऊन चार महिलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. लहरी दिलेल्या गाठींत औषधाचे प्रमाण सरासरी दुप्पट झाले, गाठी सरासरी १९ टक्क्यांनी आकसल्या. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२३ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या १७ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तेथे लहरी सोडणारे उपकरण कवटीतच बसवले होते. उघडलेली वाट तासाभरातच बरीचशी मिटते, हे त्यातून दिसले. म्हणजे औषधाची वेळ साधणे आले.

चार रुग्ण आणि सतरा रुग्ण. तुलनेसाठी दुसरा गटही नाही. एवढ्यावर ‘आवाजाने कर्करोग बरा’ असे मथळे देणे म्हणजे रुग्णांच्या नातेवाइकांना फसवणेच. औषध गाठीपर्यंत पोहोचते, एवढे दिसले आहे. त्याने आयुष्य वाढते का, हे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतूनच कळेल. शिवाय वाट दर वेळी मिटत असल्याने औषधाच्या प्रत्येक फेरीला हा खटाटोप पुन्हा करावा लागतो. शिरस्त्राणाच्या पद्धतीत तेवढा वेळ एमआरआय यंत्र एकाच रुग्णासाठी अडकते, आणि बाहेर इतरांची रांग असते.