आधी दवाखाना

बलात्कार झालेल्या बाईने आधी कुठे जायचं, या प्रश्नाला आपल्याकडे अजूनही एकच उत्तर मिळतं : पोलीस ठाण्यात. नातेवाईक तेच सांगतात, शेजारी तेच सांगतात आणि पुष्कळदा रुग्णालयातही तेच ऐकावं लागतं, की पोलीस केस आहे, आधी तक्रार करून या, मग बघू. रुग्णालयाने असं म्हणणं हा गुन्हा आहे. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाला लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करावेच लागतात. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. उपचार नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, असं भारतीय न्याय संहितेचं कलम २०० सांगतं. एफआयआर दाखवा, आधार कार्ड आणा, नवऱ्याला बोलवा, डिपॉझिट भरा, यांतली एकही अट कायद्यात नाही.

हे पनवेलमध्ये मोठ्याने सांगायची गरज आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींना ठेवणाऱ्या इथल्या कल्याणी महिला बालसेवा संस्थेत काय चाललं होतं, ते २०११ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालची समिती उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने तिथे पोचली, बाहेरच्या माणसांनी त्या मुलींशी बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकाला आणि साथीदारांना दोषी ठरवलं. त्या मुलींना कुठल्याही डॉक्टरच्या दारापर्यंत स्वतःच्या पायाने जाता येत नव्हतं. काय झालं हे सांगायचं की झाकायचं, याचा निर्णय सर्वस्वी अत्याचार करणाऱ्यांच्या हातात होता.

त्यानंतर पनवेल फार वाढलं. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, डॉ. नानासाहेब धर्माधिकारी उपजिल्हा रुग्णालय उभं राहिलं, कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटनही झालं. उरण, खालापूर, पेणकडची माणसं इथे औषधपाण्याला येतात. कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या बायका येतात, खांदा कॉलनी-कामोठ्यातल्या, शेजाऱ्याचं नावही माहीत नसलेल्या सोसायट्यांतल्या मुली येतात, बांधकामांवर परराज्यांतून आलेल्या मजूर बायका येतात. यांतल्या कुणावर रात्री अत्याचार झाला, तर सकाळी तिला लागणारी पहिली गोष्ट डॉक्टर ही आहे. न्याय पुढे मिळेल किंवा मिळणार नाही. औषधाची वेळ मात्र थांबत नाही.

ही वेळ किती थोडी आहे, ते फार कमी घरांना माहीत आहे. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तम, आणि पुढे २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून दिली जाणारी गोळी जितकी लवकर तितकी गुणकारी. पाच दिवसांपर्यंत तिचा काही उपयोग होतो, पण दर दिवसागणिक तो कमी होत जातो. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लशी, इतर लैंगिक आजारांवरची औषधं, जखमांचे उपचार हे सगळं त्याच भेटीत व्हायला हवं. पुराव्यासाठीचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. शक्य असेल तर आंघोळ करू नये, अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवावेत. पण आंघोळ झाली, कपडे धुतले गेले, आठवडा उलटला, तरीही जावं. ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसलेल्या बाईचं नुकसान पुराव्यापेक्षा तब्येतीचं जास्त होतं. ‘आधी तक्रार’ म्हणणारा माणूस हे तास खातो. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं गेलं, म्हणून राज्य पेटलं. पण ठाण्यातले असे तास इतर वेळी कुणी मोजतही नाही.

आता गोपनीयतेचं. ती पहिल्यांदा मोडते ती केसपेपरच्या खिडकीवर. मागे रांग, पुढे काच, आणि आतून मोठ्याने प्रश्न येतो, ‘काय होतंय?’ त्या प्रश्नाचं उत्तर तिने रांगेसमोर काय द्यायचं? त्यानंतर ‘एमएलसी आहे’, म्हणजे पोलिसांकडे जाणारी केस आहे, ही हाक अपघात विभागातून वॉर्डापर्यंत जाते आणि वॉर्डबॉयपासून मावशींपर्यंत सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. पनवेल कितीही वाढलं, तरी गावठाणात आणि वाडीवर कुणाची सून दवाखान्यात का गेली, हे संध्याकाळपर्यंत कळतंच. पीडितेची ओळख जाहीर करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कलम वर्तमानपत्रांना चांगलं पाठ आहे. खिडकीवरच्या कारकुनाला ते कुणी सांगितलंय का? उपाय साधा आहे. खिडकीवर ‘डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय’ एवढं म्हणणं पुरेसं असावं, कारण विचारलं जाऊ नये, आणि सिस्टरने तिला थेट एका बंद दाराच्या खोलीत न्यावं. अशी खोली आणि अशी वागणूक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलीच आहे. तपासणीच्या वेळी पोलिसाने आत थांबायचं नाही, हेही त्यात आहे.

त्याच तत्त्वांत संमतीबद्दल जे आहे, ते प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवं. उपचार वेगळे, पुराव्यासाठीची तपासणी वेगळी आणि पोलिसांत तक्रार वेगळी. तिन्हींना तिची संमती वेगवेगळी घ्यायची असते. ती उपचार घेईल आणि तपासणीला नाही म्हणेल, किंवा तपासणीतला एखादा भाग नको म्हणेल, तरी तिचे उपचार थांबवता येत नाहीत. बारा वर्षांवरच्या मुलीची स्वतःची संमती लागते. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का, हे ठरवू पाहणाऱ्या दोन बोटांच्या चाचणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कठोर ताशेरे ओढले आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरू, असं बजावलं. या बदलांसाठी महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांनी खस्ता खाल्ल्या आहेत. सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या वैद्यकीय तपासण्या किती निष्काळजीपणे होतात, ते कागदोपत्री मांडलं आणि तो प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. बाई ‘सवयीची’ आहे का, हे लिहिणारी लेखणी डॉक्टरांच्या हातून कायद्याने काढून घेतली गेली, ती अशा माणसांमुळे.

गोपनीयतेच्या नावाखाली एक निराळाच प्रकारही होतो आणि त्याला मी गोपनीयता म्हणणार नाही. १९७३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. त्या पुढे जवळपास बेचाळीस वर्षं, २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली ती चोरी आणि जीवघेण्या हल्ल्याबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्या खटल्यात आलाच नाही. तिची बदनामी नको, असं तेव्हा म्हटलं गेलं. तिला विचारायची सोय उरली नव्हती, म्हणून इतरांनी ठरवलं, आणि त्यांनी जे झाकलं त्याचा फायदा गुन्हेगाराला मिळाला. आजही घरातली वडीलधारी माणसं, संस्थेचे विश्वस्त, शाळेचे चालक ‘तिच्याच भल्यासाठी’ हेच करतात. कुणाला काय सांगायचं, हे जिच्यावर अत्याचार झाला तिने ठरवायचं. दुसऱ्या कुणाचाही तो अधिकार नाही, आईबापांचाही नाही. आणि ती अठरा वर्षांखालची असेल, तर मोठ्यांनी गप्प बसणं हाच बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पॉक्सो’ कायद्याखाली गुन्हा आहे.

याच ठिकाणी कायद्याची एक अडचण स्पष्ट सांगायला हवी, कारण ती लपवली तर बाईची फसवणूक होईल. उपचार सक्तीचे करणारं कलमच रुग्णालयाला पोलिसांना ताबडतोब कळवायलाही लावतं. म्हणजे सज्ञान बाई केवळ औषधासाठी आली, तरी रुग्णालयातून ठाण्यात निरोप जातो. जबाब द्यायचा की नाही, तक्रार करायची की नाही, हे तिच्या हातात राहतं. तिला तक्रार नको असेल, तर तसं लिहून घेऊन उपचार चालू ठेवायचे असतात. पण निरोप गेला, हवालदार वॉर्डात आला, की तो ‘नको’ टिकवून धरायला केवढं बळ लागतं! अत्याचार करणारा दीर असेल, मुकादम असेल, गावचा पुढारी असेल, तर ती दवाखान्यात पाऊलच टाकणार नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत पोलिसांना कळवणं तिच्या इच्छेवर सोडावं, असं माझं ठाम मत आहे. भीतीने उपचार टळतात, हे न्यायालयाने मान्य केलेलं आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या गर्भपातावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, संमतीच्या संबंधातून दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचं नाव देण्याची गरज नाही, अशी वाट काढली. अल्पवयीन मुलीसाठी जे शक्य झालं, ते चाळीस वर्षांच्या बाईसाठी का होऊ नये? गर्भपाताच्या कायद्यात तर आधीच, बलात्कारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत काढता येतो, सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती पुरते आणि तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे.

कायदा बदलेपर्यंत पनवेलला करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि नमुना खाडीपलीकडेच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र सुरू केलं आणि पुढे ते मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत गेलं. त्याचं मर्म त्याच्या जागेत आहे. समुपदेशन केंद्राला जाते म्हटलं तर सासू अडवेल, दवाखान्यात जाऊन येते म्हटलं तर अडवत नाही. खोली रुग्णालयातच, हातात साधा केसपेपर, आत ऐकून घेणारी प्रशिक्षित ताई. ‘एकदा येऊन गेली, संपलं’ असं तिथे होत नाही. औषधाचे २८ दिवस तीच विचारपूस करते, पुढल्या तपासण्यांची आठवण तीच करते, झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल तर मानसोपचाराला तीच घेऊन जाते. पनवेल महानगरपालिकेच्या आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात अशी एक खोली आणि दोन पगार एवढाच हा खर्च आहे. पुरुष आणि तृतीयपंथीयांनाही तिथे तशीच दारं उघडी हवीत. २०१४ च्या तत्त्वांत त्यांचाही विचार आहे.

आणखी एक गोष्ट खास पनवेलची. इथला पोलीस आयुक्त नवी मुंबईचा, जिल्हा रायगड. तक्रार द्यायची ठरली, तर हद्दीचं कारण सांगून कुणालाही परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने ती कुठल्याही ठाण्यात नोंदवावीच लागते. पण अत्याचार झालेल्यांसाठीच्या राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेतलं अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून येतं, आणि ते अलिबागला. दहा हजारांत महिना काढणाऱ्या बाईने रोज बुडवून, एसटीने दोन-अडीच तास जायचं, साहेब नसले तर परत यायचं. मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा फोन आहे, संकटातल्या बायकांसाठी १८१ आहे, लहानग्यांसाठी १०९८ आहे, मनावरच्या ओझ्यासाठी १४४१६ आहे. हे चारही आकडे केसपेपरच्या खिडकीशेजारी आणि बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लागले पाहिजेत. दारामागे अशासाठी, की तिथे ती एकटी असते. आणि अलिबागच्या प्राधिकरणाने आठवड्यातला एक ठरलेला दिवस आपला वकील पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात बसवावा. त्याला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही, एका सहीचं पत्र लागतं.