फिरत्या सळईवरची कोंबडी

खाडीकाठच्या आमच्या कोलशेतात कोंबडी म्हणजे रस्सा. पण हल्ली काही घरांत विजेची ओटीजी भट्टी आली आहे. तिच्यासोबतची फिरती सळई मात्र खोक्यातच पडून असते. एकदा लावली, छाती भुशासारखी कोरडी आणि मांडी कच्ची, की पुन्हा कोणी हात लावत नाही. रश्श्यात चूक झाकली जाते, सळईवर नाही. भगिनींनो, रविवारची एक कोंबडी चौघांचे जेवण असते. ते वाया का घालवावे?

आमच्या मते निम्मे काम मिठाचे. किलोभर अख्ख्या कोंबडीला दोन लहान चमचे मीठ, आले-लसूण, हळद आदल्या रात्री चोळून फ्रीजमध्ये ठेवावी. मीठ आधी पाणी बाहेर ओढते, मग तेच पाणी घेऊन आत मुरते आणि भाजताना मांसातला रस टिकतो. तिखट-मसाला तेलात कालवून शेवटच्या वीस मिनिटांत लावावा, आधी लावल्यास जळतो.

पाय व पंख सुती दोऱ्याने घट्ट बांधावेत (नायलॉन वितळतो!). सळई अगदी मधोमध हवी. भार एकीकडे गेला की ती अडखळते. 200 अंशांवर साधारण तासभर लागतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर 74 अंश दाखवील तेव्हाच झाली समजावे. शेजारणींनी मिळून एक थर्मामीटर घेतला तरी पुरतो.

काढल्यावर दहा मिनिटे सुरी लावू नये, नाहीतर रस ताटात सांडतो. खालच्या ट्रेमध्ये बटाटे ठेवावेत. गळलेल्या चरबीत ते असे खमंग होतात की मुले आधी त्यांच्यावरच तुटून पडतात.