मोठा एसी, दमट कचेरी

मा. संपादक,

कचेरीत दमटपणा जाणवल्यास अधिक टनांचा एसी बसवावा, हे गेल्या अंकातील पत्रातले मत शास्त्राला धरून नाही. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट दराने उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता; ती गरजेपेक्षा जास्त असली की खोली झटपट गार होते, कॉम्प्रेसर लगेच थांबतो आणि थंड कॉइलवर बाष्पाचे पाणी होऊन ते निथळण्यास पुरेसा वेळच मिळत नाही; खोली गार पण दमटच राहते. काळाचौकीच्या कापडगिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. कचेरीत मात्र त्याच दमटपणाने पावसाळ्यात फायलींना बुरशी धरते आणि कर्मचारी कुडकुडत असूनही त्यांचे अंग चिकट राहते. म्हणून खरेदीपूर्वी माणसे, यंत्रे व ऊन यांचा उष्णताभार मोजणे अगत्याचे आहे.

— एक वाचक, काळाचौकी